आलात का माझ्या ओळीपर्यंत?

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, बावन्नाव्या वर्षी कॉलेजच्या दारात वॉचमननं हात आडवा घालून "पालकांनी बाहेर थांबायचं" असं म्हटलं तर माणसानं काय करावं? मी म्हटलं, "अहो, मी विद्यार्थी आहे." तो हसला. मी ओळखपत्र काढून दाखवलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला... आणि मग एकदम आवाज खाली आणून, आजारी माणसाशी बोलतात ना तसं, "कितव्यांदा बसताय, काका?" अहो, पहिला दिवस होता माझा! तुम्हाला सांगतो, या वयात माणसानं शिकू नये हो!

आणि शिकायचं तरी काय, तर बायोइन्फर्मॅटिक्स आणि डेटा सायन्स. एम.एस्सी. नुसतं नाव न अडखळता म्हणायला मला आठवडा लागला. मी कोण? हॉस्पिटलात रक्त घेणारा माणूस. सत्तावीस वर्षं. "मूठ आवळा, इकडे बघू नका, झालं, सोडा मूठ." एवढीच चार वाक्यं मी सत्तावीस वर्षं बोलतोय. माझं उत्तम चाललं होतं. शीर सापडली नाही असं माझ्या हातून कधी झालं नाही, विचारा कुणालाही! मग हे खूळ डोक्यात शिरलं कसं?

तर त्याचं असं झालं, की तीन वर्षांपूर्वी आमच्या हिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, केस आले, सगळं नीट पार पडलं. आता ठणठणीत आहे, घरी बसून शाळांचे गणवेश शिवते आणि मला ओरडते. पण तेव्हा एक जनुकांची तपासणी केली होती, म्हणजे हे दुखणं जन्मापासूनच रक्तात लिहिलेलं आहे का, परत येईल का, ते बघायची. त्याचा नऊ पानी रिपोर्ट आला. नवव्या पानावर शेवटून तिसरी ओळ, आठ-दहा अक्षरं आणि आकडे, आणि पुढे दोनच शब्द... "अर्थ अनिश्चित." डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "तशी काळजी करू नका." आता "तशी" म्हणजे कशी? मी स्वतः हजारो लोकांच्या हातात रिपोर्ट दिलेत हो! आणि माझ्या बायकोनं तो कागद माझ्यापुढे धरून विचारलं, "अहो, तुम्ही तर त्यातलेच ना? वाचा की." मला वाचता येईना. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन फॉर्म भरला.

झालं! त्या दिवसापासून बाईसाहेबांचा एकच प्रश्न. शनिवार-रविवारचे तास करून मी घरात पाऊल टाकलं, की शिवणयंत्र थांबतं, चष्म्यावरून बघणं होतं, आणि... "आलात का माझ्या ओळीपर्यंत?"

अगं, आज पहिला तास होता! आज फक्त कॉम्प्युटर चालू करायला शिकवलं!

आणि तो कॉम्प्युटर! काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि माझं काही चुकलं की लाल. आमचा पडदा कायम लालच. एक टिंब राहिलं की लाल, कंस उघडा राहिला की लाल. आणि काही ओळी म्हणे डावीकडे बरोबर चार जागा सोडूनच लिहायच्या, तीन नाहीत, पाच नाहीत! हे माझ्या टाळक्यात काही केल्या शिरेना. शेवटी हिनं मागून वाकून बघितलं आणि म्हणाली, "कापड आत दुमडतात तसं आहे हे. दुमड सारखी नाही पडली की सगळं तिरकं जातं." बघा, म्हणजे ज्यांनी शिकायला पाहिजे ते गणवेश शिवतायत, आणि आम्ही... जाऊ दे. या वयात माणसानं शिकू नये हो!

वर्गात सगळी पोरं बावीस-तेविशीची. प्रोजेक्टला माझ्या वाट्याला दोघं आली. एक मुलगा, त्याला मी चष्मा म्हणतो, कारण चेहऱ्यावर दुसरं काही दिसतच नाही. आणि एक मुलगी, तिचे केस कायम डोळ्यांवर, म्हणून झिपरी. पण गुणी हो, फार गुणी! झिपरीनं मला दहा बोटांनी टाइप करायला शिकवलं. "काका, अनामिका नुसती ठेवायची नसते, तिलाही काम द्या." आणि चष्मा एकच गोष्ट मला सात वेळा समजावून सांगायचा, आणि सातव्यांदासुद्धा पहिल्यांदाच सांगतोय असा चेहरा ठेवायचा. माझ्या सख्ख्या भावानं मला कधी दोनदा काही सांगितलेलं नाही. त्यात त्या दोघांच्या नोकऱ्या ठरलेल्या, फक्त प्रोजेक्टमध्ये पास व्हायची अट. आणि मला? मला त्या ओळीपर्यंत पोचायचं होतं.

प्रोजेक्ट असा, की रक्तातली कुठली जनुकं किती जागी, म्हणजे किती कामाला लागलेली आहेत ते बघून मशीननं सांगायचं, हा माणूस आजारी की धडधाकट. एकशे ऐंशी नमुने. नव्वद रुग्णांचे, नव्वद निरोग्यांचे. आणि नमुने कुठले? आमच्याच हॉस्पिटलातले! म्हणजे सुई कोणाची? या तुमच्या काकाची! मी तर छाती फुगवून सगळ्या वर्गाला सांगत सुटलो.

चार महिने खपलो आम्ही. आणि एका रविवारी सकाळी चष्म्यानं बटण दाबलं आणि आकडा आला... सत्त्याण्णव! शंभरात सत्त्याण्णव बरोबर! झिपरी ओरडली, चष्मा खुर्चीवर चढला, आमच्या गाइड मॅडम, ज्या दोन वर्षांत एकदा हसल्या होत्या, त्या दुसऱ्यांदा हसल्या. म्हणाल्या, "उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी बाहेरचे परीक्षक येतायत. हेच दाखवा." मी घरी उड्या मारत गेलो. ही म्हणाली, "आलात का माझ्या ओळीपर्यंत?" मी म्हटलं, "आलो, आलो, आता एकच आठवडा!"

आता गप्प बसायचं ना? नाही! आम्हाला खाज. मी म्हटलं, हे मशीन नेमकं कुठल्या जनुकांवर बोट ठेवतंय ते तरी बघू. यादी काढली. पुस्तकात एकेक शोधत बसलो. आणि शोधता शोधता माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण ती आजाराची जनुकं नव्हतीच! रक्त काढून नळीत बराच वेळ तसंच ठेवलं ना, की जी आपोआप जागी होतात, ती होती.

म्हणजे काय ते सांगतो. नियम असा, की नमुना अर्ध्या तासात वरच्या मजल्यावर, उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये. आता निरोगी म्हणून कोणी रक्त दिलं, तर आमच्याच स्टाफनं. एकेक जण यायचा, मी रक्त घ्यायचो, तोच नळी घेऊन वर जायचा. दहा मिनिटं. आणि रुग्ण यायचे ओपीडीच्या दिवशी. दारापर्यंत रांग! एकेका नळीसाठी कोण जिने चढणार? मी सगळ्या नळ्या स्टँडला लावायचो आणि दुपारी जेवायला जाताना एकदम वर द्यायचो. चार तास! म्हणजे आमचं हुशार मशीन आजार ओळखतच नव्हतं हो! कुठली नळी माझ्या टेबलावर ताटकळत बसली, तेवढंच ते ओळखत होतं. शंभरात सत्त्याण्णव वेळा बिनचूक! मी आळस केला आणि त्यानं तो पकडला.

दोन दिवस मी ती यादी परत परत तपासली. तिसऱ्या दिवशी सकाळी हिच्या यंत्रासमोर स्टूल घेऊन बसलो आणि सगळं ओकलो. ही बाही जोडत होती. मान वर न करता म्हणाली, "गप्प बसलात तर?"

"पास."

"आणि सांगितलंत तर?"

"आकडा पडेल. पोरांच्या नोकऱ्या जातील. सत्तावीस वर्षांचं माझं नाव जाईल. आणि तुझी ओळ..."

तिनं दातानं दोरा तोडला. "असलं मशीन माझ्या तपासणीला लावाल?"

मी म्हटलं, "छे! नाव काढू नकोस."

"मग दुसऱ्याच्या बायकोला का लावता?"

संपलं. पुढची बाही घेतली.

पोरांना सांगितलं तेव्हा चष्म्यानं चष्मा काढला. पहिल्यांदा कळलं, त्याला डोळे आहेत, आणि ते भरलेले आहेत. "काका, परवा परीक्षा आहे!" झिपरी उठून बाहेर गेली. मला वाटलं, संपलं, ही आता माझं तोंड बघणार नाही. दहा मिनिटांनी तोंड धुऊन आली, केस मागे बांधलेले, आणि खुर्ची ओढून म्हणाली, "प्रत्येक नळी किती वेळ बाहेर होती ते रजिस्टरात बघून सांगा. मी टाइप करते." दोन दिवस बसलो तिघं. ताटकळण्याचा हिशेब वजा केला. सत्त्याण्णवाचा आकडा किती झाला? एकसष्ट! डोळे मिटून अंदाज केला तरी पन्नास येतात हो!

परीक्षेला मी उभा राहिलो. परीक्षक म्हणजे नुसत्या भुवया! "हे नमुने चार तास बाहेर कोणी ठेवले?" मी म्हटलं, "मी ठेवले, सर." "तुम्ही?" "हो. सत्तावीस वर्षं रक्त घेतोय, पण नळीत गेल्यावरही ते बदलत राहतं, हे मला ठाऊक नव्हतं. इथं येऊन कळलं." गाइड मॅडमनी डोळे मिटून घेतले. भुवया खाली वाकून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. मग सर म्हणाले, "सत्त्याण्णववाले आज सकाळपासून सहा गट आले. त्यातल्या कितींनी यादी काढून बघितली असेल, देव जाणे." आणि पास केलं हो! तिघांनाही! बाहेर आल्यावर पोरांनी मला मिठी मारली आणि मी, चोपन्न वर्षांचा बाप्या, जिन्यात बसून रडलो.

घरी आलो. यंत्र बंद होतं. ही रिपोर्ट मांडीवर घेऊन, धुतलेला चष्मा लावून बसलेली. या खेपेला तिनं विचारलंच नाही. मी कॉम्प्युटर उघडला, जगभरचे लोक जनुकांतले असे बदल जिथं नोंदवतात तिथं गेलो, तिची ओळ घातली. एक टिंब चुकलं नाही. पडदा लाल झाला नाही. आणि वाचलं.

"काय म्हणतंय?"

"अगं... अर्थ अनिश्चित."

"म्हणजे तुम्हालाही नाही कळलं?"

"कळलं ना. कोणालाच कळलेलं नाही, हे कळलं. तुझ्यासारखी ओळ असलेले जगात फक्त अकरा जण सापडलेत. अजून सापडले, ते पुढं कसे राहतात ते बघितलं, की मग सांगता येईल."

मला वाटलं, आता रडेल. तर म्हणते कशी, "अकरा जण आहेत? मला वाटलं, मी एकटीच." आणि मग, "बरे असतील ना हो ते?" मी तिचा हात धरून बसलो. आयुष्यभर लोकांचे दंड धरले, पण असा हात धरायचं राहूनच गेलं होतं.

"आणि हे कळायला किती वर्षं लागतील?"

"कोणी त्याच्या मागे लागलं तर... पाच-सहा."

"कोणी कशाला? तुम्हीच लागा. तुमची ती झिपरी परवा फोनवर सांगत होती, त्यापुढे पीएच.डी. असते."

"अगं, मी साठीला येईन! त्या वॉचमनला काय तोंड दाखवू? या वयात माणसानं..."

"तुम्ही शिका," ती म्हणाली, "तोवर मी थांबते."

आता ती थांबते म्हणतेय म्हटल्यावर... शिकायलाच पाहिजे की हो!