पर्समधलं पाकीट

आई गेल्यावर तिचे कागद न्यायला मुलगी हृदयाच्या डॉक्टरांकडे आली होती. शेजारच्या बाकावर एक काका-काकू बसले होते.

“अर्धशिशीच्या गोळ्यांचं आत सांगशील ना?” काकांनी विचारलं.

“छातीच्या डॉक्टरांना डोक्याचं कशाला सांगायचं?”

“गोळी घेतली की छाती आवळते, असं तूच म्हणालीस.”

“म्हणाले. पण त्यांनी गोळ्या बंद केल्या, तर तुम्ही डोकं दाबत बसणार का?”

“बसेन की.”

“दहा मिनिटांत घोरायला लागाल!”

“मग घोरत दाबेन. ते गोळ्यांचं पाकीट दे इकडे.”

“राहू दे पर्समध्ये. विचारलं तर दाखवीन.”

आतून हाक आली.

“काकू,” मुलगी म्हणाली, “विचारलं नाही तरी दाखवा. माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं.”

काकूंनी तिच्या हातातली आईच्या कागदांची फाईल पाहिली, आणि पाकीट काढून नवऱ्याकडे दिलं.