इचलकरंजीचा सातवा नंबर

आता सातवी आली तर आली की! त्यासाठी एवढं सुतकी तोंड करून लोकांच्या दारात उभं ऱ्हायचं काय कारण हाय? न्हाय, तुमीच सांगा! आमच्या शेजारच्या भाऊसोची पोरगी, संघप्रिया, आमी संघू म्हणतो. मॅरेथॉन पळती. येत्या पंधरवड्यात देशाच्या नावाचा बनियन घालून परदेशात पळायला जाणार, अख्ख्या शिवाजी पेठेत असं कुणाचं झालेलं न्हाय. त्याच्या आधी जरा अंग तपासून बघायला म्हणून इचलकरंजीला अर्ध्या मॅरेथॉनला गेली आणि आली सातवी. संपलं! पण आमची माणसं... दुसऱ्या दिवशी माझ्या गिरणीत दळणाचं डबं कमी आणि तज्ज्ञ जास्त! तुमास्नी सांगतो, किळस आली बघा. माणसानं माणसाला जरा निवांत सोडावं का न्हाय?

पयला आला गुंडू पैलवान. पैलवान म्हंजे, कवातरी तालमीत गेलता, कान तेवढा मोडून आला. डबा ठेवला आणि म्हणतो कसा, “आकाराम, कुस्तीत सातवा नंबर असतोय काय रं? एक तर पाडायचं, न्हायतर पडायचं! पोरीचा दम गेलाय. दूध कमी पडतंय.” आणि दुपारी पातेलं घेऊन हजर! धारोष्ण! वर बदाम वाटून! आता ती पोरगी पळणार का पोट धरून बसणार?

त्याच्या मागनं विजयसिंह. ह्याचा जीव सगळा फुटबॉलात. “कोच बदला,” म्हणतो, “आमी मॅच हरलो की पयला कोच बदलतो.” अरं, म्हणूनच तुमी दरसाल हरताय की! पण बोलायची सोय हाय काय? घोळक्यानं येत्यात आणि घोळक्यानं भांडत्यात.

ह्या दोघांचं एक वेळ चालंल, पण ती मोना! कोपऱ्यावर पार्लर हाय तिचं. मोबाईल माझ्या नाकापुढं धरून म्हणती, “काका, बघा की! सातवी आलीया आणि हसतीया! धाप न्हाय, काय न्हाय, दात दाखवत आलीया! पुढं गेलेल्यातली एक तर दोन पोरांची आई हाय! सरळ हाय, हिचं मन दुसरीकडं गुतलंय.” झालं! दळणाला आलेल्या बायकांनी संध्याकाळपतोर त्या न दिसलेल्या पोराचं गाव, नोकरी, मोटारसायकलचा रंग, सगळं ठरवलं! मी म्हटलं, मोने, तोंड आवर. एका पोरीच्या हसण्यावरनं एवढं? लाज वाटाय पायजे. आणि जरा परत लाव तो व्हिडिओ. ...हसत हुती खरी. मीबी चार-पाचदा बघितलं, उगं न्हाय म्हणायला आपण कोण?

मग मी म्हटलं, असल्या अर्धवटांचं ऐकण्यापरास सरळ माहितगाराला इचारावं. गेलो उदयसिंह सरांच्या घरी. तिचं कोच ते. जेवायला बसलंवतं, पण मी काय परका हाय? म्हणालं, “काका, मीच तिला सांगितलं होतं, कुणाच्या मागं लागू नकोस. मोठ्या शर्यतीत ज्या चालीनं पळायचंय त्याच चालीनं पळ, आणि शेवटी श्वास शिल्लक पाहिजे. ती हसत आली म्हणजे ताकद शिल्लक आहे. मला नंबर नको होता, ते हसणंच पाहिजे होतं. आता फक्त झोप आणि शांतता, बाकी काही नको.”

आता मला सांगा, पटण्यासारखं हाय काय हे? राखूनच पळायचं हुतं तर इचलकरंजीपतोर पेट्रोल कशाला जाळलं? रंकाळ्याला राखून पळायला बंदी हाय व्हय? पण शिकलेला माणूस, “बरं सर” म्हटलं आणि आलो. झोप आणि शांतता एवढं मातूर टाळक्यात पक्कं बसलं.

तवापास्नं गिरणी पोराच्या ताब्यात दिली आणि भाऊसोच्या दारात खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, बघतोच कोण आत जातंय! गुंडू आला, हाकलला. विजयसिंह आला, हाकलला. आणि पोरीला काळजी नको म्हणून दर वेळी आत जाऊन सांगायचो, “संघू, गुंडू आलता गं, तुझा दम गेलाय म्हणत हुता, मी हाकलला. तू झोप.” जरा वेळानं, “संघू, मोना आलती, तुझं कुठंतरी जमलंय म्हणती, मी हाकलली. झोपलीस न्हवं?” पोरगी उशीत तोंड घालून नुसती “हं काका, हं काका.” बघा की, किती थकवली लोकांनी! शी! माणसानं माणसाला जरा निवांत सोडावं का न्हाय?

त्यात आमची मंडळी, शालूबाई. “नजर लागलीया,” म्हणाली, आणि मीठ-मिरच्या घेऊन गेली शेजारी. सोनूबाईनं, संघूच्या आईनं, हात जोडलं, “वैनी, आमच्यात असलं करत न्हाईत. तुमची माया हाय, तेवढी बास.” हिचं तोंड एवढंसं झालं. मला बघवंना. मी म्हटलं, अगं, त्यांच्यात करत न्हाईत तर आपल्या घरात कर की, भिंत तर एकच हाय! पोचंल!

पोचली ना! मूठभर संकेश्वरी मिरची तव्यावर पडली तशी आमची खिडकी, त्यांची खिडकी, सगळा बोळ खाकरायला लागला! गिरणीतली गिऱ्हाइकं डबं टाकून पळाली! आणि भिंतीपलीकडं संघू जी खोकाय लागली, ती थांबंना. दिवसभर! पळणाऱ्या माणसाची छाती ती! उदयसिंह सर आलं, तोंड लालभडक. “हिच्या छातीला काय झालं, ही स्पर्धा हुकली, तर जबाबदार कोण?” मी म्हटलं, सर, बरोबर हाय तुमचं, ह्या पेठेत कुणाला अक्कलच न्हाय!

काल सकाळी बघतोय तर आत कोणच न्हाय. सोनूबाई म्हणाली, “खोकला थांबला, बरी हाय ती. पर धाडली तिला गारगोटीला, मावशीकडं. आता इमानाला हितनं न्हाय, थेट तिकडनंच जाईल. हितं लोक झोपू देईनात.” आणि माझ्याकडं बघत ऱ्हायली, बिचारी. एवढं भरून आलं मला! म्हटलं, वैनी, झ्याक केलंसा. पण पत्ता कुणाला सांगू नका, माणसं लई वाईट हाईत.

आता गारगोटीत आमचा मेव्हणा असतोय, धैर्यशील, बाजाराच्या अंगालाच. गाव केवढं ते! लावला फोन. म्हटलं, मावशीचं घर हुडकून काढ आणि दारात खुर्ची टाकून बस, कुणाला आत सोडू नकोस. तासाभरानं त्याचा फोन, “दाजी, घर घावलं. पर दाराला भायेरनं कुलूप हाय. आतनं पंख्याचा आवाज येतोय, आणि खिडकीला आतनं पडदा वडला कुणीतरी.”

बघा! काय वेळ आणली लोकांनी त्या लेकरावर, सोताला कोंडून घ्यायची! काय करणार? मेव्हण्याला म्हटलं, गेलायसच तर खिडकी वाजव, आणि हळूच इचार... झोप लागली का म्हणून.