रत्नाताईंनी मागे वळवलेली होडी

अशोकदादा, ताईंची लेक पल्लवी आणि कासारवाडीच्या या हॉलमध्ये आलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

मी सुषमा. चाकणच्या कंपनीत आम्ही गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचो. रत्नाताईंचं मशीन माझ्या शेजारी. मला भाषण येत नाही. पण आज ताईंच्या शोकसभेत मी नाही बोलायचं, तर कुणी?

रिटायर झाल्यावर ताईंनी शिडाची होडी घेतली. जुनी, ट्रेलरवर मावणारी. शीड विरलेलं होतं, ते त्यांनी घरीच नवं शिवलं. बिल्डिंगखाली होडी बघून लोक हसायचे. "रत्नाबाई, समुद्र कुठंय इथं?"

ताई म्हणायच्या, "चाकं आहेत की खाली. आपण जाऊ समुद्राकडं."

आणि गेलो! आधी पवना धरणावर. मी पाण्याला भिणारी. ताईंनी मला पोहायला शिकवलं, मगच होडीत घेतलं. त्यांच्या हातात सुकाणू, माझ्या हातात शिडाची दोरी.

मग कोकण. हर्णैहून केळशीला जायचं ठरलं. ताईंचे यजमान, आपले अशोकदादा, जीप आणि ट्रेलर घेऊन पुढं गेले. कंपनीतल्या मैत्रिणी तिथं हार घेऊन उभ्या. अर्ध्या वाटेत समोरून वारा चढला. होडी कलली, पाणी आत यायला लागलं. मी ओरडले, "ताई, अर्धं तर आलोच की! मागं फिरलो तर सगळे काय म्हणतील?"

"म्हणू देत. शीड कमी कर, सुषमा. परत जायचं."

हर्णैला एकानं विचारलंच, "भ्यालात काय?"

ताई म्हणाल्या, "हो, भ्याले. माझ्या होडीत दुसऱ्याची लेक होती."

ऐकताय ना? दुसऱ्याची लेक म्हणजे मी. माझी आई आज इथं बसलीय.

पुढच्या महिन्यात पुन्हा निघालो. केळशीचा किनारा दिसला तसं ताईंनी सुकाणू माझ्या हातात दिलं. "आता तू ने." मी ते दोन्ही हातांनी धरलं. ताईंनी एकदाही हात पुढं केला नाही. होडी वाळूला लागली, तेव्हा त्या दादांना ओरडून म्हणाल्या, "अहो, हिनं आणली!"

इतका अभिमान माझ्याबद्दल कुणाच्याच आवाजात मी ऐकला नव्हता. आज तोच माझ्या आवाजात आहे, ताई. तुमच्याबद्दल.

चला, सगळे उभे राहूया. काही न बोलता, ताईंना मनात आणूया.

रत्नाताई, तुम्हाला तुमच्या सुषमाचा शेवटचा जय भीम.