गोठ्यामागचा दगड

यजमान : …तर मॅडम, हे आधी लिहून घ्या. हजार वर्षं झाली, या डोंगरावर काडीइतकंही बदललेलं नाही.

यजमानीण : परवाच तर भिंती मातीनं लिंपल्या. खालचं सिमेंट दिसायला लागलं होतं.

यजमान : मस्करी करते ती. डोंगरातली माणसं फार विनोदी असतात, तेही लिहा.

तपासनीस : मला लिहायचं काही नाही, नुसत्या खुणा करायच्यात. आमच्या पर्यटन कंपनीच्या फॉर्मात रकानेच आहेत तसे. भोजन, संस्कृती, निसर्ग. या महिन्यातलं हे माझं अकरावं अस्पर्श गाव.

यजमान : मग आधी भोजन! अगं, चूल पेटव.

यजमानीण : पेटवते. धूर किती हवा? मागच्या पाहुण्यांना गॅसवरची भाजी दहा मिनिटं धुरात ठेवून वाढली, तर बोटं चाटत बसले.

यजमान : अगं!

तपासनीस : ताई, मला नुसता भात चालेल. दहा गावांत दहा वेळा आग्रह झालाय. हे पोट आता माझं राहिलेलं नाही.

यजमान : बरं, मग संस्कृती. ही एक गाणं म्हणते. माझ्या आजीपासून चालत आलंय.

यजमानीण : तुमच्या आजीसमोर नुसतं गुणगुणलं तरी लाटणं यायचं अंगावर. ते राहू द्या. किती वाजले?

यजमान : इथे कुठलं घड्याळ? आम्ही सूर्यावर चालतो.

यजमानीण : मग काय म्हणतोय सूर्य?

यजमान : पावणेचार.

तपासनीस : मुख्य मुद्दा राहिलाच. गाव ‘अतिदुर्गम’ यादीत घालायचं तर अट एकच. मोबाइलला रेंज नको. गावात कुठेच नको. लोक त्यासाठीच येतात.

यजमान : रेंज? मॅडम, आमच्या घरात फोन औषधालासुद्धा सापडायचा नाही.

तपासनीस : ठीक आहे. हात धुऊन येते.

(बाई मागच्या दारानं गेल्या.)

यजमानीण : फोन द्या.

यजमान : हळू बोल. आजच्या दिवस दम धर.

यजमानीण : पोरीला पहाटे दवाखान्यात नेलंय. जावई म्हणाले, चारला फोन करा, तोवर कळेल. मी काय उद्यापर्यंत दम धरू?

यजमान : बाईंनी तुला त्या दगडावर पाहिलं की गेलंच यादीतून नाव. दोन खोल्या बांधल्यात, त्यांत काय शेळ्या बांधू?

यजमानीण : बांधा. शेळ्या धूर मागत नाहीत. दोन वर्षं पाहुण्यांपुढे खोकतेय, कधी काही बोलले? सगळ्या दिवसात चार ते सव्वाचार तेवढे माझे. कुठाय फोन?

यजमान : …तांदळाच्या डब्यात.

यजमानीण : शाबास. बाईंना शिजवूनच वाढला असता.

तपासनीस : (परत येत) ताई, तुमच्या गोठ्यामागे एक दगड आहे. बसून बसून गुळगुळीत झालेला.

यजमान : देव आहे तो! फार जागृत.

तपासनीस : चार माणसं रांगेत उभी आहेत तिथे.

यजमान : दर्शनाला!

यजमानीण : कालचे पाहुणे आहेत ते. शहराच्या कटकटीपासून लांब राहायला आलेत. बाई, तिथे रेंज येते. डाव्या कडेला, पाय वर घेऊन बसलं की. काय ती खूण करा. माझी लेक बाळंत होतेय, मी निघाले.

यजमान : संपलं! हजार वर्षांचं मातेरं केलं हिनं.

तपासनीस : ताई, थांबा. मीपण येते. घरी आई एकटी आहे. कालपासून बोलणं नाही, शेजारीण औषध देते की विसरते, काही पत्ता नाही.

यजमानीण : या पाठोपाठ. …अहो पाहुणे, सरका जरा, लेक दवाखान्यात आहे माझी. …हॅलो, जावईबापू? …कधी? …दोघी बऱ्या आहेत ना? …नाही हो, रडत कशाला? धूर गेला डोळ्यांत.

यजमान : अगं, इथे कुठला धूर? काय झालं?

यजमानीण : मुलगी झाली. नाक तुमच्यावर गेलंय म्हणे.

यजमान : अरेरे.

यजमानीण : बसा बाई. पाय वर घ्या.

तपासनीस : हॅलो, आई? …हो, मीच. …गोळी घेतलीस? …सकाळचीसुद्धा? …बरं. जेवून घे. ठेवते.

यजमान : मॅडम, वाईट एवढंच वाटतं, की यादीत…

तपासनीस : ‘रेंज नाही’ वर खूण केलीय.

यजमान : पण तुम्ही तर आत्ता आईशी बोललात!

तपासनीस : दहाही गावांना तीच खूण केलीय. नऊ ठिकाणी असाच दगड होता. एका ठिकाणी झाड आहे, त्यावर चढावं लागतं.