एंदो-सानची वही

राजस : दहा ते बारा या वेळात तुमच्या स्टॉलसमोरून चारशे सात माणसं गेली. थांबली एकोणीस. टबातल्या बर्फाला हात लावला पाच जणांनी. व्हिजिटिंग कार्ड दिलं तिघांनी.

कश्मिरा : दोन तास तू हे मोजत बसला होतास? मला वाटलं, सलोनीसाठी हातमोजे बघतोयस.

राजस : हातमोजे विकत नाहीत इथे. मी विचारलं. स्टॉलवाला म्हणाला, हे पुढच्या हिवाळ्याचे आहेत.

कश्मिरा : अरे, हे व्यापाऱ्यांचं प्रदर्शन आहे. दुकानदार येतात, स्की वाकवून बघतात आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर देतात. ट्रॅव्हलवाले येतात ते शाळांच्या सहलींसाठी डोंगर ठरवायला. म्हणून तर दारात दोन कार्डं मागितली तुझ्याकडे.

राजस : एक त्यांनी ठेवलं, एक गळ्यात अडकवलं. त्यावर ‘किरणोत्सार मापन विभाग’ लिहिलंय. लोक आधी माझा गळा वाचतात, मग चेहरा.

कश्मिरा : वाचणारच. आमच्या स्टॉलवर ‘फुकुशिमा’ लिहिलंय आणि समोर तू उभा!

राजस : शेजारच्या नागानोवाल्यांकडे तेवढ्याच वेळात अठ्ठ्याऐंशी थांबली.

कश्मिरा : ते मला न मोजताही दिसतंय. तीन दिवसांची अरुबाइतो, रोजंदारीच म्हण, दुभाषी म्हणून उभं राहायचं, एवढंच माझं काम. पण एंदो-सानकडे बघवत नाही रे. अडुसष्ट वर्षांचे आहेत. डोंगर, लिफ्ट, खालची खानावळ, सगळं घरचं. भूकंपाआधी एकेचाळीस शाळा मुलांना स्की शिकायला तिथे आणायच्या. गेल्या हिवाळ्यात एकही नाही. या मार्चमध्ये पहिली शाळा येईल ती आपल्या सलोनीची, आणि तीही वीस मुलं झाली तरच. सोमवारी फॉर्म द्यायचेत. सतरा झालेत.

राजस : माहितेय मला.

कश्मिरा : आणि सलोनीच्या वर्गातल्या मुलांच्या आया, विभा आणि सुचेता, दोघीही म्हणतात, राजस सही करतो का ते बघू, मग आम्ही करू.

राजस : हे बरोबर नाही. ज्याने त्याने आपापला निर्णय घ्यावा.

कश्मिरा : हो का? अणुभट्टीच्या अपघातानंतर निशी-कसाईच्या हॉलमध्ये आपल्या लोकांसमोर भाषण कोणी दिलं होतं? ‘घाबरण्यासारखं काही नाही.’ आणि त्याच आठवड्यात मला आणि सलोनीला पुण्याला धाडलंस. लोकांनी तुझ्या स्लाइड्स नाही पाहिल्या राजस, आमच्या बॅगा पाहिल्या.

राजस : तेव्हा आकडे अपुरे होते.

कश्मिरा : आणि आता? दोन वर्षं होतील पुढच्या महिन्यात.

राजस : आता... थांब जरा.

(राजस खिशातून मोजयंत्र काढून बर्फाच्या टबावर धरतो. यंत्र टिकटिक करू लागतं.)

कश्मिरा : अरे, बंद कर ते! बघ, बघ, गेले तिघंही! सैतामाच्या सहलवाल्यांनी कार्ड काढून हातात धरलं होतं रे!

राजस : ही टिकटिक पार्श्वभूमीची आहे. आपल्या स्वयंपाकघरातही हे असंच वाजतं.

कश्मिरा : जा, पळत जा आणि सांग त्यांना आपल्या स्वयंपाकघराबद्दल.

राजस : चुकलं माझं. एंदो-सान इकडेच येतायत. चिडलेत का?

कश्मिरा : चिडले असते तर बरं झालं असतं. वाकून नमस्कार करतायत तुला. तूही वाक... ते म्हणतात, आवाज बंद करू नका. म्हणतात, मी रोज सकाळी लिफ्टच्या पायथ्याशी मोजतो आणि फळ्यावर लिहितो. पण मी मोजलं की ती जाहिरात होते, आणि तुम्ही मोजलं की भीती.

राजस : त्यांना सांग, या टबावरून डोंगराचं काहीच ठरत नाही.

कश्मिरा : इथे येऊन सहा वर्षं झाली, तुझं जपानी अजून कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानाच्या दाराबाहेर पडलेलं नाही. थांब, सांगते... म्हणतात, ठाऊक आहे. टब हात लावायला ठेवलाय. डोंगराचे आकडे या वहीत आहेत. धर. दोन्ही हातांनी घे!

राजस : तारीख, वेळ, बर्फाची जाडी, यंत्राची उंची. मे दोन हजार अकरापासून... सहाशे बावन्न नोंदी. मध्ये एक दिवस कोरा का?

कश्मिरा : विचारते... बॅटरी संपली होती. आदल्या दिवसाचा आकडा उतरवावा असं मनात आलं होतं, पण हात धजला नाही, म्हणतात.

राजस : असंच म्हणाले?

कश्मिरा : अगदी असंच.

राजस : वही चोख आहे. पण यंत्र स्वस्तातलं असलं आणि कमीच दाखवत असलं, तर सगळ्या नोंदी कमीच दाखवणार.

कश्मिरा : राजस, खरं सांग. तुला भीती कसली वाटते?

राजस : आकड्याची नाही. प्रयोगशाळेत चुकलो तर मी प्रयोग पुन्हा करतो. सलोनीच्या बाबतीत पुन्हा नाही करता येणार.

कश्मिरा : त्या सतरा आयांनाही हेच वाटलं असेल. तरी त्यांनी सही केली. तुझ्याकडे निदान यंत्र तरी आहे.

राजस : एंदो-सानचं यंत्र इथे आहे का?

कश्मिरा : पिशवीत असतं त्यांच्या. का?

राजस : माझ्या यंत्राशेजारी ठेवू या. एकाच टेबलावर, दहा मिनिटं. माझं गेल्याच महिन्यात तपासून घेतलंय. दोन्ही जुळली, तर वही खरी.

कश्मिरा : जुळली म्हणजे किती, ते आत्ताच सांग. नंतर तुझे आकडे अपुरे पडतात.

राजस : फरक दहा टक्क्यांच्या आत.

कश्मिरा : आणि मग?

राजस : मग वहीतला सगळ्यात मोठा आकडासुद्धा आपल्या कोतोच्या घराच्या बाल्कनीपेक्षा फार वेगळा नाही.

कश्मिरा : मी बाल्कनीचं विचारत नाहीये.

राजस : मग सही. इथेच. फॉर्म आणलायस?

कश्मिरा : तीन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडतेय. हे घे पेन.

राजस : आवाज चालू ठेवू?

कश्मिरा : ठेव. एंदो-सान स्टॉलवरचा फळा पुढे आणतायत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा. लोक थांबायला लागलेत बघ. आणि आता मोजू नकोस हं.

राजस : सात.

कश्मिरा : गप्प बस आणि यंत्राकडे बघ.

राजस : आठ. तो सैतामावाला परत आलाय.

कश्मिरा : ...झाली दहा मिनिटं. बोल, एंदो-सान खडू घेऊन उभे आहेत.

राजस : त्यांचं यंत्र, शून्य पूर्णांक शून्य चार आठ. माझं, शून्य पूर्णांक शून्य पाच शून्य. फरक चार टक्के.