दुखायचं थांबल्यावर

…कट्कन्. बास, एवढाच आवाज. फुटाणा फुटल्याचा. आमच्या अक्कानं दुखऱ्या दाढंखाली फुटाणा धरला, कट्कन् फोडला आणि म्हणली, ऐकलास का रे तिप्पण्णा, बरी झाली बघ माझी दाढ! आता माझं डोकं पिकलं, पण शेजारी कुणी फुटाणे खायलं की मी अजून उठून दुसरीकडं जातो — हसायलीस? हस माय. न्हाई, नको हसू, गाल ताणंल. पदर बांधलायस तसाच राहू दे. तू मघाशी हातानं सांगितलीस ना, दुखायचं थांबलंय म्हणून — त्यावरनं अक्का आठवली, न्हाईतर मी कशाला सांगत बसलो असतो. मराठी कळतंय न्हवं तुला? का कन्नडातून विचारू, दात दुखतोय का म्हणून? हल्ल ब्यानी? — कळतंय. बरं. तू बोलू नको, मान हलीव नुसती. तोंड उघडंना तुझं, दिसायलंय मला.

मी दुबलगुंडीचा. तू खटकचिंचोळीकडची का? — वाटलंच. बाहेर गाडीपाशी उभे हायेत ते मालक तुझे? सारखं इकडं बघायलेत. बघू दे. त्यांना वाटत असंल, दुखायचं थांबलंय तर हुमनाबादला येऊन दिवस कामून घालवायचा. बाप्या माणसाला तसंच वाटतं. आमच्या अप्पालाबी, माझ्या बापाला, तसंच वाटलं होतं.

आणि आतल्या त्या मशीनच्या घुंईं आवाजाला भिऊ नको. कानाला वाईट लागतो, दाताला काई कळत न्हाई. माझीच दाढ बघ — ही, खालची, टोपी घातलेली. आधी एक सुई देतात हिरडीला, मुंगी चावल्यावानी. मग अर्धं तोंड आपलं नसल्यागत होतं. दाताच्या पोटात शीर असती, ती सडती. ह्या दाताच्या डॉक्टर, सुधारानी मॅडम, बारीक बारीक सुया घालून ती सडकी शीर ओढून काढतात, आतून धुतात, मसाला भरतात, वरनं टोपी. दात उपटायचा न्हाई. आपला दात आपल्याच तोंडात राहतो. मी भाकरीचा पापुद्रा चावून खातो आता — व्हय हो जानकीबाई, न्हाई भिववत मी तिला! नुसतं बोलायलो. चिठ्ठ्या फाडायचं काम तुमचं, तुम्ही तेवढं बघा. — त्यांचं काई मनावर घेऊ नको. हे तिप्पण्णा अप्पा पेशंट पळवतात, असं म्हणत्यात माझ्या माघारी. तोंडावरबी म्हणत्यात.

तर अक्का. निलम्मा नाव. राजेश्वर गावाला दिली होती, पंचमीला माहेरी आली. आमची आई मी रांगत असतानाच गेली, मला अक्कानंच वाढवलं — मी तिच्या पाठीवरच मोठा झालो म्हण. ती आली ती गाल धरूनच आली. झोका न्हाई, लाह्या न्हाई, भिंतीला डोकं लावून कण्हायची. मग राजूबाईला बोलावलं. राजूबाई दाताचे किडे काढायची. तू बघितलीस का कधी? तुमच्या वेळंला नसंल. लोखंडी पळी लाल करायची, तीवर तूप आणि रिंगणीचं बी टाकायचं — तडतड तडतड — वरनं फुटकं मडकं पालथं, मडक्याला पोकळ नळी, नळी तोंडात. धूर घ्यायचा दाढंवर, आणि लाळ सोडायची पितळी ताटात, पाण्यात. आणि काय सांगू माय, ताटात पांढरे पांढरे किडे तरंगायले! शेजारपाजार गोळा झाला. राजूबाई म्हणली, मोजा गं बायांनो, किती खाल्लं असंल पोरीला. अप्पानं तिला लुगडं दिलं. आणि अक्काचं दुखणं — थांबलं. थांबलंच की! तवाच तिनं फुटाणा फोडून दाखवला. मी म्हणलो, आणखी एक. तिनं आणखी एक फोडला. दिवसभर झोक्यावर होती, आमच्या लिंबाला लई मोठा झोका बांधायचे.

राजूबाईला मी दोष देत न्हाई. तिनं आपल्या पोटच्या लेकीलाबी तसाच धूर दिलता. ह्या मॅडमला मी सगळं सांगितलं, माझ्या दाढंच्या वेळंला. वाटलं हसतील. हसल्या न्हाईत. म्हणल्या, अप्पा, ते किडे नव्हते, रिंगणीच्या बियातले कोंब होते. मग मी विचारलं, कोंब तर कोंब, पण दुखायचं कामून थांबलं? तर म्हणल्या, शीर मेली म्हणून थांबलं. शीर मेली की दुखत न्हाई. पण घाण आतच असती, ती वाट काढती, गळ्याकडं उतरती. — एवढंच. सोपं बोलल्या. मी घरी गेलो, ताट पुढं आलं, मी तसंच सरकवलं. सगळा गाव त्या दिवशी हसत होता बघ, अक्का हसत होती, आणि तिच्या आत…

तुझा आवंढा गिळायला त्रास होतोय का? हनुवटीखाली हात लावून बघ, कडक लागतंय का लाकडागत? — मान हलीव की. व्हय का न्हाई? — बघ, आता बघायलीस बाहेर. मालकानं हॉर्न वाजवला म्हणून. वाजवू दे.

एक सांगू का? जानकीबाईला ऐकू जाऊ न देता सांगतो. आज माझा नंबर न्हाई. माझं काम उन्हाळ्यातच संपलं. सून म्हणती, मामा, दात बरा झाला, मग तालुक्याला कामून जायलाव सारखं? काय सांगू तिला? मी हितं येऊन बसतो. कुणी आई गं, मेलो गं करत आलं की मला बरं वाटतं. ओरडायलंय म्हणजे जिवंत हाय, नीट होतंय. पण कुणी गाल सुजलेलं, आणि गप, आणि म्हणती दुखत न्हाई — की मी शेजारी जाऊन बसतो, बोलायला लागतो. अक्का तशीच गप झाली. झोक्यावरनं उतरली ती गप. मडक्यातनं आल्यागत आवाज झाला तिचा, मग तोबी न्हाई. अप्पानं गाडी जुंपली. बैल गावकुसाबाहेर पडतात, तवरच गाडी वळवावी लागली.

आमच्या लिंगायतात मेलेल्या माणसाला बसवून नेतात, ठाव असंल तुला. भिंतीला टेकवून बसवली तिला. कपाळाला विभूती, हातात लिंग, शेवंतीचे हार. आणि हनुवटीखालनं कापड घेऊन डोक्यावर गाठ. गालाची सूज तशीच. मला काय कळतंय तवा? वाटलं, दाढ परत दुखायली म्हणून बांधलंय. जवळ गेलो आणि म्हणलो, अक्का, फोडून दाखव की. बायांनी हंबरडा फोडला, कुणीतरी उचलून नेलं मला. — आणि माय, मघाशी तू दारातनं आलीस, भिंतीला टेकून बसलीस, पदर असा हनुवटीखालनं वर, गाल तसाच, ना हूं ना चूं — मला वाटलं, तिलाच आणून बसवली हितं…

न्हाई. न्हाई न्हाई, तसं न्हाई म्हणायचं मला. तोंडातनं गेलं. तू चांगली जिती-जागती हायस, लेकरंबाळं हायेत तुला, तासाभराचा इलाज हाय हा — बस की. खाली बस. जानकीबाई! अहो जानकीबाई, हिला आधी घ्या आत, नंबर राहू द्या, मॅडमला हाक मारा — चप्पल कामून घालायलीस माय? दुखत न्हाई म्हणूनच तर सांगायलो मी! मालकाला मी समजावतो, पाया पडतो त्यांच्या. न्हाईतर मीच जातो बाहेर. हे बघ उठलो, तू बस हितं, मी एक शब्द बोलत न्हाई आता. काई तरी बोल. शिवी दे म्हाताऱ्याला, चालंल — अगं ते दार रस्त्याचं हाय. मॅडम इकडं, आतल्या खोलीत… लेकी…