पेंढारकर गुरुजींच्या फाटकावरची पाटी

मंडळी, आधी एवढं सांगा! घर माझं, कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला, मग आत भाडेकरू कोण ठेवायचा ही माझीच मर्जी ना? काय? हो? पुढच्या रांगेतल्या माना फारच जोरात हलल्या! दोन खोल्या रिकाम्या दिसतात तुमच्या!

ऐका तर मग. एक होते वासुदेवराव पेंढारकर गुरुजी. गाव सांगत नाही, उद्या घर शोधत जाल. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, कडक माणूस! तीस वर्षं शाळेत प्रवेश दिले, पण वशिल्याची चिठ्ठी एकदाही चालली नाही. कोणा पुढाऱ्याचा पुतण्या असो की हमालाची लेक, ज्याचा अर्ज आधी पुरा, त्याचा नंबर आधी.

तर गुरुजींच्या खालच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. फाटकावर पाटी लागली – ‘जागा भाड्याने देणे आहे’. वकिलाला विचारून त्यांनी अटींचा कागदही केला. करार नोंदवायचा, पोलीस ठाण्यात माहिती द्यायची, आधीच्या घरमालकाचं पत्र आणायचं. येईल त्याला हाच कागद! आहे की नाही चोख काम?

पण त्याच दुपारी एका सज्जनाचा फोन आला. “गुरुजी, घरंदाज माणूस आहे, आपल्यातलाच. दसऱ्यानंतर येईल. तोवर जागा धरून ठेवा.”

गुरुजी म्हणाले, “बघू.”

हे ‘बघू’ लक्षात ठेवा बरं का! माणूस घसरतो तो इथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण बाई जिना चढून वर आली. शाळेत शिक्षिका, नुकतीच बदली झालेली. “आईचे गुडघे गेलेत, तिला जिना चढवत नाही. खालचीच जागा हवी. सात घरं पाहून झाली, गुरुजी.” पिशवीतून कागद काढले. सगळे पुरे! गुरुजी खूश. म्हणाले, “नाव काय तुझं?”

“शबाना मणेर.”

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि म्हणाले, “अगं, सांगायचं राहिलंच. जागा कालच गेली!”

बाई म्हणाली, “बरं, गुरुजी.” कागद पिशवीत घातले, नमस्कार केला, उतरली. फाटकाशी रिक्षात तिची आई बसलेली होती.

झालं, सुटले गुरुजी! असं तुम्हाला वाटतंय. पाच मिनिटांत ती परत वर! हातात पाटी!

“गुरुजी, जागा गेली, पण पाटी तशीच होती. कोणीतरी उगाच आशेनं चढून येईल. म्हणून काढून आणली.”

टोमणा? छे! टोमणा असता तर गुरुजींना रागावता तरी आलं असतं. तिला ते खरंच वाटलं होतं हो!

ती उतरली, आणि आतून गुरुजींच्या पत्नी कुमुदकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “अहो, कोणाला दिलीत जागा? मला कसं कळलं नाही?” गुरुजींनी पुन्हा चष्मा काढला. “शाळेत कोणाची चिठ्ठी चालवली नाहीत. मग ही कोणाची चालवलीत?”

मंडळी, गुरुजी अनवाणी धावले! रिक्षा निघतच होती.

“पोरी, थांब. जागा गेलेली नाही. मी खोटं बोललो.”

“का?”

“तुझं नाव ऐकलं म्हणून.” मान खाली गेली गुरुजींची. “तुझा अर्ज पुरा आहे. नंबर पहिला आहे. तुला यायचं असेल तर जागा तुझी.”

ती मग आईकडे वळली. “अम्मी, काय करायचं?”

म्हातारीनं गुरुजींना नीट न्याहाळलं. “पायऱ्या किती आहेत?”

“एकही नाही.”

“मग उतरव मला.”

आता त्या फोनवाल्या सज्जनाचं काय? त्याला गुरुजींनी कळवलं, “कागद सगळ्यांना एकच होता. तुमचा माणूस आला नाही, नुसता फोन आला.”

कोण तो माणूस? माझा मेव्हणा! आणि सज्जन? हा, तुमच्यापुढे चिपळ्या घेऊन उभा आहे तो!

हसू नका. ‘आपल्यातलाच’ म्हणालो मी. ज्या तोंडानं रोज सांगतो की देव सगळ्यांत आहे, त्याच तोंडानं! लाज वाटते मला.

आता तुम्ही घरी जाल. खोली द्यायची असेल तर अटी लिहा, सगळ्यांना त्याच दाखवा, आणि पुरा अर्ज घेऊन जो पहिला येईल त्याला किल्ली द्या. मध्येच कोणाचा फोन आला, अगदी माझा आला, तरी बुवा म्हणून भीड धरू नका. फोन ठेवून द्या! चला, नाम घ्या आता. आणि आज पहिलं नाम माझ्यासाठी घ्या, मला गरज आहे.